आगमनकाळ आणि कचरा : नाताळपूर्व सामुदायिक पर्यावरण-कृती (संदर्भ : रायपूर, छत्तीसगड)

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• सणासुदीच्या कचऱ्याचे घटक व त्यांचे पुढे काय होते हे सांगता येईल.
• आगमनकाळाची संकल्पना आणि कचरा-व्यवस्थापन यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• संबंधित कायदेशीर तरतुदी सांगता येतील.
• एखाद्या धार्मिक समुदायाच्या पर्यावरण-कृतीचे मोजमाप व चिकित्सा करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, सण आणि कचरा यांचा विचार आपण बहुधा सण संपल्यावर करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर पडलेल्या पत्रावळ्या, फुगे, चकाकते कागद दिसतात आणि मग स्वच्छता मोहीम निघते. परंतु २६ डिसेंबरला दिसणारा कचरा प्रत्यक्षात नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात विकत घेतलेला असतो. गोठ्यासाठी थर्माकोलची शीट आणायची की भाताचा पेंढा, जेवणासाठी कोणती ताटे मागवायची, फलक कापडाचा की फ्लेक्सचा, हे निर्णय तेव्हाच होतात. एकदा वस्तू विकत घेतली की पुढचे पर्याय फारच थोडे उरतात.

या घटकाचा मुख्य मुद्दा हाच आहे. ख्रिस्ती समुदायाची नाताळपूर्व पर्यावरण-कृती परिणामकारक ठरते ती झाडू हातात घेतल्यामुळे कमी आणि खरेदीचा निर्णय एकत्र बसून वेळेत घेतल्यामुळे जास्त. हे तत्त्व आपण रायपूर शहराच्या संदर्भात समजून घेऊ आणि तुलनेसाठी छत्तीसगडमधील अंबिकापूर व महाराष्ट्रातील वसई ही दोन उदाहरणे पाहू.

२. आगमनकाळ म्हणजे काय?

पाश्चिमात्य ख्रिस्ती परंपरेत नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या कालखंडाला ‘आगमनकाळ’ म्हणतात. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी तो सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो. उपासनेतील जांभळा रंग, दर रविवारी एक याप्रमाणे लावल्या जाणाऱ्या मेणबत्त्या आणि आत्मपरीक्षण ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. केरळमधील सिरियन परंपरेच्या अनेक कुटुंबांत १ ते २४ डिसेंबर या काळात मांसाहार वर्ज्य करून नाताळपूर्व उपवास पाळतात.

म्हणजे परंपरेनुसार हा काळ तयारीचा आणि संयमाचा आहे. उत्सव त्यानंतर सुरू होतो. आजच्या बाजारात मात्र नेमके उलटे घडते. खरेदीचा जोर याच आठवड्यांत असतो. त्यामुळे कचरा कमी करण्याचा आग्रह बाहेरून आणावा लागत नाही. आगमनकाळाच्या मूळ अर्थातच त्याला आधार सापडतो. सामाजिक कार्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण समुदायाला स्वतःच्या परंपरेतून पटलेली गोष्ट आदेशाने सांगितलेल्या गोष्टीपेक्षा अधिक टिकते.

३. ख्रिस्ती विचारातील पर्यावरण-भान

बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बागेची मशागत करण्याची आणि तिची राखण करण्याची जबाबदारी दिल्याचा उल्लेख आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या भोजनानंतर काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले जाते आणि त्यांच्या बारा टोपल्या भरतात. आधुनिक काळातील पर्यावरणविषयक ख्रिस्ती लेखनात हे दोन्ही संदर्भ वारंवार येतात.

इसवी सन १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो या गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी गवताने भरलेली गव्हाण आणि जिवंत बैल व गाढव यांच्यासह येशूच्या जन्माचे दृश्य उभे केले. आज घरोघरी व चर्चमध्ये मांडल्या जाणाऱ्या गोठ्याच्या प्रथेचा प्रसार या घटनेपासून झाला असे मानले जाते. याच संत फ्रान्सिस यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये पर्यावरणकार्य करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. गोठा आणि पर्यावरण यांचा संबंध असा इतिहासातच आहे.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र प्रसिद्ध केले. वस्तू वापरून टाकून देण्याची सवय माणसांनाही टाकाऊ ठरवण्यापर्यंत पोहोचते, अशी मांडणी त्यात आहे. प्लास्टिक व कागद कमी वापरणे, कचरा वेगळा करणे, खाल्ले जाईल तेवढेच शिजवणे अशा साध्या कृतींचाही त्यात उल्लेख येतो. त्यामुळे कचरा हा विषय केवळ नगरपालिकेचा न राहता नैतिक आचरणाचा भाग बनतो. हे परिपत्र कॅथलिक चर्चचे असले, तरी दक्षिण भारतातील चर्च ऑफ साउथ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्येही पर्यावरणविषयक स्वतंत्र विभाग काम करतो.

४. रायपूर : शहर, पाणी आणि कचरा

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. त्याच जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण १.९२ टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख ९० हजार इतके होते.

रायपूरमधील ख्रिस्ती समाज एकजिनसी नाही. १८६८ मध्ये रेव्हरंड ऑस्कर लोर यांनी बिश्रामपूर येथे मिशन केंद्र सुरू केले. त्या परंपरेतील जुनी कुटुंबे येथे आहेत. नोकरी-शिक्षणासाठी जशपूर, सरगुजा भागांतून आलेली उरांव आदिवासी कुटुंबे आहेत, केरळमधून आलेली कुटुंबे आहेत. बैरन बाजार येथील सेंट जोसेफ कॅथेड्रल हे कॅथलिक महाधर्मप्रांताचे मुख्य चर्च आहे, तर सेंट पॉल्स कॅथेड्रल हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. नाताळ साजरा करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असल्या, तरी कचरा मात्र एकाच व्यवस्थेत जातो.

ती व्यवस्था समजून घेऊ. घरोघरी येणारी महापालिकेची गाडी कचरा नेते. सरोना येथे शहराचा जुना कचरा डेपो होता. पुढे सकरी येथे प्रक्रिया केंद्र उभे राहिले. गाडीत न जाता रस्त्यावर व गटारात पडलेला कचरा नाल्यांमार्गे खारून नदीच्या दिशेने जातो. खारून शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. रायपूर शहराला पिण्याच्या पाण्याचा पुरवठाही खारून नदीतूनच होतो. शिवाय रायपूर हे तलावांचे शहर. विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जाणारा बुढा तलाव आणि तेलीबांधा तलाव हे त्यांपैकी सुपरिचित. साठलेल्या पाण्यात पडलेले प्लास्टिक वाहून जात नाही; ते तिथेच तुटत राहते.

ऋतूचाही विचार करा. डिसेंबरमध्ये जमिनीलगतची हवा थंड व जड असल्याने धूर वर न जाता खालीच राहतो. सिलतरा, उरला या औद्योगिक भागांमुळे हवेवर आधीच ताण असतो. त्यात कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्याची भर पडली की त्याचा त्रास प्रथम लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांना होतो.

५. नाताळच्या कचऱ्याचे घटक आणि पर्याय

पुढील वस्तू तुम्ही पाहिलेल्या असतील. प्रत्येकीबाबत दोन प्रश्न विचारायचे : ही वस्तू वापरानंतर कोठे जाते? आणि तिच्या जागी स्थानिक पर्याय कोणता?

अ) थर्माकोल : गोठा, अक्षरे, तारे यांसाठी वापरतात. थर्माकोलमध्ये बहुतांश हवा असते. वजन नगण्य आणि जागा फार, म्हणून भंगारवाले ते सहसा घेत नाहीत. तुटल्यावर त्याचे पांढरे दाणे वाऱ्याबरोबर पसरतात आणि ते वेचणे अशक्य होते. पर्याय अगदी जवळ आहे. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. भाताची कापणी-मळणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते, त्यामुळे पेंढा, ज्याला स्थानिक बोलीत ‘पैरा’ म्हणतात, तो याच दिवसांत मुबलक असतो. पैरा, बांबू आणि माती यांतून उत्तम गोठा होतो. मूळ गव्हाणही गवताचीच होती.

आ) फ्लेक्स फलक : यांत पीव्हीसी, म्हणजे क्लोरीनयुक्त प्लास्टिक असते. ते जाळल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू आणि डायॉक्सिनसारखी घातक संयुगे तयार होऊ शकतात. पर्याय : वर्ष न लिहिलेला कापडी फलक. वर्ष लिहिले नाही, तर तोच फलक अनेक वर्षे चालतो.

इ) चमकी, झिरमिळ्या व चकाकते वेष्टन : यांत धातूचा अतिशय पातळ थर दिलेले प्लास्टिक असते. कागद व प्लास्टिक एकमेकांना चिकटलेले असल्याने पुनर्चक्रण होत नाही. ओळखण्याची सोपी पद्धत अशी : वेष्टन मुठीत चुरगाळा. चुरगळलेलेच राहिले तर बहुधा कागद. पुन्हा उलगडले तर प्लास्टिक. सुटी चमकी म्हणजे तर तयार सूक्ष्मप्लास्टिकच. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली आहे. पर्याय : जुनी वर्तमानपत्रे, कापडी पिशवी, सुतळी.

ई) जेवणाची भांडी : वरून कागदी दिसणाऱ्या अनेक ताटांना व पेल्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. छत्तीसगडमध्ये साल, पळस आणि माहुल यांच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण, म्हणजेच ‘दोना-पत्तल’, बनवण्याचा व्यवसाय आहे. वनक्षेत्रातील अनेक स्त्रियांचा तो उपजीविकेचा आधार आहे. ती पाने अन्नासह कंपोस्टमध्ये जाऊ शकतात. मात्र पत्रावळीच्या खाली प्लास्टिक चिकटवलेले नाही ना, हे पाहूनच घ्यावे.

उ) दिव्यांच्या माळा : बिघडलेली माळ हा ई-कचरा आहे. तो सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळा जमा करावा. पुष्कळदा एकच जोड सुटलेला असतो आणि माळ दुरुस्त होते.

ऊ) उरलेले अन्न : वजनाने हा सर्वांत मोठा भाग ठरू शकतो. कचऱ्याच्या ढिगात हवेशिवाय कुजल्यास त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मोजल्यास मिथेनची तापवृद्धीक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते.

येथे एक दुवा लक्षात घ्या. कंपोस्टसाठी कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण ३०:१ असावे लागते. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त आणि पेंढ्यात कार्बन जास्त असतो. म्हणून ६ जानेवारीच्या सुमारास, तीन राजांच्या सणानंतर गोठा काढला की त्यातील पैरा बारीक करून ओल्या कचऱ्यात थरांनी घालावा. दुर्गंधी कमी होते आणि खत चांगले होते. थर्माकोलचा गोठा असे कोणतेही काम करू शकत नाही.

६. कायदा काय सांगतो?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (छ) नुसार नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ही कर्तव्ये १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाली. त्याखेरीज पुढील तरतुदी लक्षात ठेवा.

१) १ जुलै २०२२ पासून देशभर काही एकल-वापर प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यांत सजावटीचे थर्माकोल. प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे, काटे व स्ट्रॉ. फुग्यांच्या प्लास्टिक काड्या. मिठाईच्या खोक्यांवरील व निमंत्रणपत्रिकांवरील प्लास्टिक आवरण आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी फलक यांचा समावेश होतो. नाताळच्या बाजारात सर्रास दिसणाऱ्या अनेक वस्तू या यादीत आहेत.

२) ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिक पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन असणे बंधनकारक आहे.

३) घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ यांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण घरातच करणे बंधनकारक केले. परवाना नसलेल्या जागी १०० हून अधिक व्यक्तींचा कार्यक्रम घेणाऱ्यांनी स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे आणि कचरा वेगळा करून द्यावा, अशी तरतूदही त्यांत होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग सांगितले आहेत.

४) राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून साध्या प्रकारासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली.

कायदा असूनही बंदी असलेली वस्तू दुकानात मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तपासणीस प्रत्येक दुकानात उभा राहू शकत नाही. मागणीच आली नाही, तर दुकानदार पुढच्या वर्षी माल आणत नाही. येथूनच समुदायाची भूमिका सुरू होते.

७. समुदाय का हवा?

एकट्या कुटुंबाने थर्माकोल नाकारले, तर शेजारच्या गोठ्यापुढे आपला गोठा फिका दिसेल असे मुलांना वाटते. चर्चच्या जेवणाला एकाच घराने स्टीलचे ताट आणले, तर ते वेगळे पडते. सर्वांचा फायदा ज्यात आहे ते एकट्याला महाग पडते, या पेचाला सामूहिक कृतीची समस्या म्हणतात.

अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले की लोक अनेकदा सरकार किंवा खासगी मालकी यांच्याशिवायही सामायिक संसाधने नीट सांभाळतात. त्यासाठी काही अटी लागतात : कोण सहभागी आहे हे स्पष्ट असणे, नियम वापरणाऱ्यांनीच ठरवणे, आपसांत देखरेख असणे आणि नियम मोडल्यास आधी सौम्य समज देणे. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चर्चच्या रचनेत यातील बऱ्याच गोष्टी आधीच उपलब्ध असतात. धर्मग्रामातील कुटुंबांची नोंद असते. लोक दर रविवारी भेटतात. महिला मंडळ, तरुण संघ, रविवारची शाळा आणि दहा-वीस घरांचे लहान ख्रिस्ती समुदाय असतात. व्यासपीठावरून केलेली घोषणा एका दिवसात शेकडो घरांत पोहोचते. मशीद, गुरुद्वारा, गणेश मंडळ यांच्याकडेही अशीच रचना असते. महाराष्ट्रात गणेशोत्सवात ठेवले जाणारे निर्माल्य कलश हे याचे परिचित उदाहरण. म्हणून हा अभ्यास एका धर्मापुरता मर्यादित समजू नका.

८. तुलनेसाठी दोन उदाहरणे

८.१ अंबिकापूर

छत्तीसगडच्या उत्तरेकडील या शहरात स्वयंसहायता गटांतील स्त्रिया, ज्यांना ‘स्वच्छता दीदी’ म्हणतात, घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा वेगळा घेतात. केंद्रावर त्याची पुन्हा अनेक प्रकारांत छाननी होते, विकण्याजोगे विकले जाते आणि ओल्याचे खत होते. ‘स्वच्छ सर्वेक्षण २०१९’ मध्ये अंबिकापूरने देशात दुसरा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथे एक किलो प्लास्टिकच्या बदल्यात जेवण आणि अर्धा किलोच्या बदल्यात न्याहारी देणारा ‘गार्बेज कॅफे’ सुरू झाला.

यातून शिकायचे काय? छाननी करणारी माणसे असतात, यंत्र नव्हे. केकचे क्रीम लागलेले खोके, त्यात दडलेली तुटकी काच आणि वापरलेला डायपर एकाच पिशवीत आले, तर ते एखाद्या स्त्रीच्या हातांना लागते. घरात दोन मिनिटे वाचवण्याची किंमत तिथे मोजली जाते. कचरा वेगळा करणे हा या श्रमाचा आदर करण्याचा सर्वांत साधा मार्ग आहे.

८.२ वसई

मराठी भाषक ख्रिस्ती समाजाच्या पर्यावरण-कृतीचे सर्वांत ठळक उदाहरण वसईचे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईतील हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई संरक्षण समिती’ने आंदोलन उभारले. विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेण्यालाही विरोध झाला. फादर दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वसईचा प्रश्न कचऱ्याचा नव्हता, तरीही तो येथे उपयुक्त आहे. पर्यावरण-कृती चर्चच्या आवारातच थांबत नाही. ती शेती, पाणी व जमीन यांच्या निर्णयप्रक्रियेपर्यंत जाऊ शकते आणि त्या टप्प्यावर धर्माच्या भिंती ओलांडून शेजाऱ्यांना सोबत घ्यावे लागते, हे त्यातून दिसते.

९. सोडवलेले उदाहरण

आता एक काल्पनिक उदाहरण आकड्यांत पाहू. समजा, रायपूरमधील एका धर्मग्रामात २५० कुटुंबे आहेत. नाताळच्या सामूहिक जेवणाला ८०० जण येतात आणि १०० घरांत थर्माकोलचा गोठा केला जातो.

जेवण : प्रत्येकी ताट, वाटी, पेला व चमचा अशा चार वस्तू, म्हणजे एकूण ३,२०० वस्तू. एका संचाचे वजन ३५ ग्रॅम धरल्यास २८ किलो कचरा. प्रत्येकाने ५० ग्रॅम अन्न टाकले, तर आणखी ४० किलो. दोन्ही एकत्र टाकल्यास ६८ किलो मिश्र कचरा होतो, ज्याचे धड खतही होत नाही आणि पुनर्चक्रणही होत नाही.

गोठा : १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद व अडीच सेंटिमीटर जाड शीटचे आकारमान ०.०१२५ घनमीटर. १०० शीटचे १.२५ घनमीटर. घनता प्रति घनमीटर १५ किलो धरल्यास वजन १९ किलोपेक्षा थोडे कमी. वजन पाहिले तर प्रश्न लहान वाटतो. जागा पाहिली तर मोठा. म्हणून केवळ किलोंत मोजमाप करू नये.

पर्याय क : पत्रावळ व द्रोण. ताट आणि अन्न दोन्ही कंपोस्टमध्ये जातात, मिश्र कचरा जवळजवळ उरत नाही. पेले स्टीलचे आणि पाणी मोठ्या पिंपातून.

पर्याय ख : संपूर्ण स्टीलची भांडी. प्रत्येक संच धुण्यास २ लिटर पाणी धरल्यास १,६०० लिटर लागतील. कचरा शून्याजवळ, पण पाणी आणि श्रम वाढतात. येथे विचारायचा प्रश्न : भांडी कोण धुणार? दरवर्षी महिला मंडळच धूत असेल, तर कचऱ्याचे ओझे फक्त एका गटाकडून दुसऱ्याकडे सरकले. पाळ्या लावताना पुरुष व तरुण यांची नावे आधी लिहावीत.

आगमनकाळाच्या चार आठवड्यांत हे काम असे विभागता येईल :

पहिला आठवडा : मागील वर्षी काय विकत घेतले याची यादी करणे आणि जुनी सजावट बाहेर काढून पाहणे.
दुसरा आठवडा : सामूहिक खरेदी. पत्रावळी, पैरा, बांबू एकत्र मागवणे. गोठा स्पर्धेत ‘विकतचे थर्माकोल व प्लास्टिक नाही’ हा नियम जाहीर करणे.
तिसरा आठवडा : जेवणासाठी कुटुंबनिहाय नावनोंदणी. संख्या कळली की अन्न मोजून शिजते. वॉर्ड कार्यालय व गाडीचालकांशी वेळ ठरवणे.
चौथा आठवडा : आवारात वेगवेगळे डबे ठेवणे आणि प्रत्येक डब्याजवळ एक तरुण उभा करणे. पाटी वाचून लोक कचरा वेगळा करतातच असे नाही. माणूस उभा असेल तर करतात.

२६ डिसेंबरला प्रत्येक डबा काट्यावर तोलून आकडा नोंदवहीत लिहावा. पुढच्या वर्षी तुलना करता येईल असा एकमेव पुरावा तोच.

१०. मर्यादा आणि चिकित्सा

कोणत्याही चांगल्या उपक्रमाची चिकित्सा करणे हे अभ्यासकाचे काम आहे. पुढील पाच मुद्दे तपासा.

१) कचरा कमी झाला की फक्त हलला? हातमोजे घालून तलावाकाठी दोन तास साफसफाई करणे चांगले, पण गोळा केलेले सारे एका पिशवीत भरून गाडीत टाकले, तर ते केवळ स्थलांतर झाले.

२) ‘पर्यावरणस्नेही’ हे लेबल कितपत खरे? विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्लास्टिकना विघटनासाठी औद्योगिक केंद्रातील तापमान लागते. घरच्या खड्ड्यात ती तशीच राहतात.

३) जबाबदारी कोणाची? फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिक वेष्टनासाठी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वेष्टन बनवणाऱ्या उद्योगाची जबाबदारी झाकून सगळा दोष कुटुंबावर टाकणे योग्य नाही.

४) उपक्रम सणापुरताच आहे का? डिसेंबरमध्ये कंपोस्ट खड्डा आणि जानेवारीत त्यावर कुलूप, असे झाले तर सवय लागत नाही.

५) कोणासाठी? संख्येने लहान असलेल्या समाजाचे स्वच्छता-कार्य ‘आम्हीही चांगले नागरिक आहोत’ हे सिद्ध करण्याचे साधन बनू शकते. नागरिकत्वासाठी असा पुरावा द्यावा लागू नये. नाला, तलाव आणि हवा सर्वांची असल्यामुळे वस्तीतील सर्वधर्मीयांनी एकत्र केलेले काम या दडपणापासून मुक्त राहते आणि परिणामही अधिक साधते.

सारांश

नाताळच्या कचऱ्याचे स्वरूप आगमनकाळातील खरेदीत ठरते. या काळाचा मूळ अर्थ तयारी व संयम असल्याने कचरा कमी करण्याच्या कृतीला परंपरेतूनच आधार मिळतो. कायदा बंदी घालू शकतो, पण मागणी थांबवण्याचे काम समुदाय करू शकतो. रायपूरसारख्या शहरात पैरा, बांबू, पत्रावळ हे पर्याय हाताशी आहेत आणि ते योग्य ऋतूत उपलब्ध होतात. कृतीचे यश तीन कसोट्यांवर तपासावे : मिश्र कचरा किती घटला, श्रम कोणाच्या वाट्याला आले आणि सवय सणानंतर टिकली का.

महत्त्वाच्या संज्ञा

आगमनकाळ : नाताळपूर्वीचा चार रविवारांचा तयारीचा काळ.
मिश्र कचरा : ओला व सुका भाग एकत्र झाल्याने प्रक्रियेस अयोग्य ठरणारा कचरा.
सामूहिक कृतीची समस्या : सर्वांच्या हिताची कृती एकट्या व्यक्तीला महाग पडणे.
उत्पादकांची विस्तारित जबाबदारी : वस्तू वापरून झाल्यावर तिच्या विल्हेवाटीतही उत्पादकाचा वाटा असणे.

स्वयंअध्ययन प्रश्न

१) नाताळनंतरच्या स्वच्छता मोहिमेपेक्षा आगमनकाळातील नियोजन अधिक परिणामकारक का ठरते?
२) थर्माकोलच्या कचऱ्याचे मोजमाप केवळ वजनात करणे का अपुरे आहे? उदाहरण द्या.
३) ऑस्ट्रॉम यांनी सांगितलेल्या अटी तुमच्या परिसरातील कोणत्याही एका धार्मिक किंवा सांस्कृतिक मंडळाला लावून पाहा.
४) पर्याय क आणि ख यांपैकी उन्हाळ्यात पाणीटंचाई असलेल्या गावासाठी कोणता निवडाल? कारणे लिहा.

क्षेत्रकार्य : तुमच्या गावातील कोणत्याही सणाच्या आधी तीन आठवडे बाजाराला भेट द्या. बंदी असलेल्या किती प्रकारच्या वस्तू विक्रीस आहेत याची नोंद करा. सणानंतर दुसऱ्या दिवशी कचरा गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांशी त्यांची परवानगी घेऊन बोला आणि नेहमीच्या दिवसापेक्षा कामात काय फरक पडला हे विचारा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून एक पानाचा अहवाल लिहा. अहवालात कोणत्याही व्यक्तीचे किंवा दुकानाचे नाव देऊ नका.